मुक्काम एक, पत्ता दुसरा

ऑक्टोबरातली छाटणी होऊन तीन आठवडे लोटले, की तासगाव तालुक्यातील द्राक्षबागायतदाराची झोप उडते. वेलींना कोवळी पालवी फुटलेली असते, परतीच्या पावसाची एखादी सर येऊन गेलेली असते, आणि पहाटेच्या दवाने पाने किती तास ओली राहिली यावर दावण्या रोग बागेत शिरणार की नाही हे बव्हंशी ठरत असते. माझे मावसभाऊ, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, त्यांच्या बागेत अशाच दिवसांत मी साताऱ्याहून येऊन दोन रात्री मुक्कामाला होतो. बागेच्या मधोमध एका लोखंडी खांबावर त्यांनी हवामान मोजणारे यंत्र बसवून घेतले आहे. वर सौरपट्टी, तिच्या बाजूला पावसाचे भांडे, वेलीच्या उंचीवर पानाचा ओलावा जोखणारी एक चपटी पट्टी, आणि खाली जेवणाच्या डब्याएवढी एक करडी पेटी. तिचे झाकण उघडले की नखाएवढे सिमकार्ड पोटाशी धरून बसलेला एक मोडेम दिसतो, आणि मोडेमशेजारी मोहरीएवढा एक दिवा.

हा दिवा लुकलुकतो, पण त्याच्या लुकलुकण्यात तीन चाली आहेत. साधारण सेकंदाला एकदा तो चमकू लागला, तर मोडेम अद्याप टॉवरचा शोध घेत आहे असे समजावे; तीन सेकंदांनी एकदा चमकला, तर कंपनीच्या दफ्तरी त्याची नोंद झाली आहे; आणि सेकंदाला तीनेकदा घाईने चमकू लागला, तर इंटरनेटची वाट खुली होऊन त्याला पत्ता मिळालेला आहे. अण्णांना या तिन्ही चाली पाठ आहेत. दिव्याकडे पाहत त्या रात्री त्यांनी मला विचारले, "डबीला नंबर हाय, मग पत्ता बी आसंल की. त्यो कुठला?" हा प्रश्न दिसतो त्याहून पुष्कळ खोल आहे, आणि त्याचे उत्तर ज्याला नीट कळले त्याचे पुढचे बरेच पैसे आणि बराच मनस्ताप वाचतो, असा माझा अनुभव आहे.

पत्ता म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे मु. पो., ता., जि. ही उतरंड उभी राहते. तो पत्ता जमिनीला बांधलेला असतो. माणूस परगावी गेला तरी पत्ता जागच्या जागी राहतो. इंटरनेटवरचा पत्ता, ज्याला आयपी पत्ता म्हणतात, तो दिसायला शून्यापासून २५५ पर्यंतच्या चार आकड्यांची, मध्ये ठिपके दिलेली एक ओळ असतो, आणि इंटरनेटवरून धावणाऱ्या प्रत्येक लहानशा टपालावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा असे दोन पत्ते लिहिलेले असल्यावाचून ते टपाल एक पाऊलही पुढे सरकत नाही. १९८१ साली ठरलेल्या या पद्धतीत एकंदर ४,२९,४९,६७,२९६ पत्ते संभवतात. त्या काळी ही संख्या अक्षय्य वाटली असणार. आज पृथ्वीवर माणसेच तिच्याहून पुष्कळ अधिक आहेत.

मोडेमची ओळख मात्र या एकाच आकड्याने होत नाही. त्याच्या अंगावर जन्मतःच कोरलेला पंधरा आकडी क्रमांक, ज्याला आयएमईआय म्हणतात, तो त्या यंत्राच्या देहाचा. सिमकार्डाच्या पोटातला दुसरा, बहुधा पंधराच आकडी, आयएमएसआय नावाचा क्रमांक ही त्याची सनद. तिचे पहिले तीन आकडे देशाचे (भारतात बहुधा ४०४ किंवा ४०५), पुढचे दोन वा तीन कंपनीचे, आणि उरलेले ग्राहकाचे. तिसरा आपला नेहमीचा दहा आकडी मोबाइल नंबर, ज्याला चारचौघांत हाक मारायचे नाव म्हणावे. यंत्रायंत्रांतल्या व्यवहारासाठी घेतलेल्या सिमकार्डांना १ जुलै २०१८ पासून भारतात तेरा आकडी नंबर देण्याची पद्धत सुरू झाली. हे तिन्ही क्रमांक कायमचे. आयपी पत्ता तेवढा हंगामी. तो मोडेमच्या मालकीचा नसतो आणि सिमकार्डाच्याही नसतो. जोवर वाट खुली आहे तोवरची ती केवळ वहिवाट असते, आणि वाट मिटली की वहिवाटही संपते.

ती वाट खुली कशी होते हे पाहण्यासाठी मी त्या पेटीतल्या मोडेमला वायरीने लॅपटॉप जोडला. मोडेमशी बोलण्याची एक जुनी भाषा आहे. तिच्यातला प्रत्येक हुकूम 'एटी' या दोन अक्षरांनी सुरू होतो, ज्यांचा अर्थ लक्ष दे एवढाच. ही भाषा हेज नावाच्या अमेरिकन कंपनीने १९८१ च्या आपल्या मोडेमसाठी घडवली, ती टेलिफोनच्या तारांचा जमाना मावळला तरी अजून चालू आहे. नुसते 'एटी' लिहिले, की मोडेम 'ओके' म्हणतो. नोंदणी झाली का, असे विचारले तर उत्तर येते दोन आकड्यांत: 'शून्य, दोन' म्हणजे शोध चालू आहे, 'शून्य, एक' म्हणजे स्वतःच्या कंपनीच्या घरी नोंद झाली, आणि 'शून्य, पाच' म्हणजे नोंद झाली खरी, पण पाहुणा म्हणून. जत तालुक्याच्या पूर्वेला किंवा मिरजेच्या दक्षिणेला, जिथे एका शेताचा बांध महाराष्ट्रात आणि पलीकडला कर्नाटकात असतो, तिथे हे पाचाचे उत्तर येणे मुळीच नवलाचे नाही, कारण राज्याची हद्द नकाशावर असते आणि टॉवरच्या लहरींना ती ठाऊक नसते.

शोधाच्या अवस्थेत मोडेम स्वतः काही बोलत नाही, तो ऐकतो. प्रत्येक टॉवर अहोरात्र आपली दवंडी पिटत असतो: मी अमुक देशाचा, अमुक कंपनीचा, माझा परिसर क्रमांक अमुक, माझ्याशी बोलायचे तर या वेळी आणि या रीतीने बोला. आपल्याला ठाऊक असलेल्या लहरींच्या पट्ट्या एकामागून एक धुंडाळून मोडेम ही दवंडी टिपतो आणि आपल्या सनदेशी जुळणारा टॉवर निवडतो. अण्णांच्या पेटीतला मोडेम जुन्या टू-जी पद्धतीचा आहे, त्यामुळे ज्या कंपनीने आपला कारभार आरंभापासूनच फोर-जीवर उभारला तिची दवंडी त्याच्या कानी कितीही जोराने पडली तरी त्याला ती उमगणारच नाही. जिओचे सिमकार्ड अशा जुन्या पेटीत चालत नाही याचे कारण हेच.

मग पहिली हाक. एकाच टॉवरखाली शेकडो यंत्रे असतात आणि कुणाची पाळी केव्हा हे अजून ठरलेले नसते. म्हणून फोर-जीच्या पद्धतीत टॉवरने चौसष्ट ठरीव हाका नेमून दिलेल्या असतात, त्यांतली एक निवडून नवे यंत्र ती देते, आणि दोघांनी एकाच क्षणी तीच हाक दिल्यामुळे गोंधळ झाला तर थोडे थांबून पुन्हा देते. हाक पोचायला किती वेळ लागला यावरून टॉवरला यंत्राचे अंतर कळते, कारण दहा किलोमीटर जायला लहरीला एका सेकंदाच्या तीस हजारांशाइतका वेळ लागतो. त्या हिशेबाने टॉवर यंत्राला सांगतो, की तू इतका अगोदर बोलत जा, म्हणजे तुझे बोलणे तुझ्याच पाळीत माझ्याकडे येईल. जुन्या टू-जीत या हिशेबाची मर्यादा पस्तीस किलोमीटर होती. त्यापलीकडचे यंत्र डोंगरावरून टॉवर डोळ्यांनी दिसत असला तरी त्याच्याशी बोलू शकत नसे.

हाक ऐकली म्हणजे दार उघडले असे नव्हे. किल्ल्याच्या दरवाजावर परवलीचा शब्द विचारण्याची रीत होती, पण तिच्यात एक उणीव होती: शब्द उच्चारला की आडोशाला उभा असलेला शत्रूही तो ऐकणार. मोबाइलच्या दरवाजावरचा जाबसाल याहून कितीतरी शहाणपणाचा आहे. सिमकार्ड तयार होताना त्यात एक गुप्त किल्ली ठेवली जाते आणि तिची एकच जोडप्रत कंपनीच्या मुख्य दफ्तरात राहते. ती किल्ली हवेतून कधीही जात नाही. किंबहुना मोडेमलासुद्धा ती वाचता येत नाही. कंपनी एक नवा, लांबलचक, यदृच्छेने निवडलेला आकडा पाठवते, सिमकार्ड त्या आकड्यावर किल्लीने एक गणित करते आणि फक्त उत्तर परत पाठवते. तेच गणित दफ्तरातही केलेले असते, आणि दोन उत्तरे जुळली म्हणजे सनद खरी ठरते. आडोशाला कुणी ऐकलेच, तर आजचे उत्तर उद्याच्या प्रश्नाला उपयोगी पडत नाही. थ्री-जीपासून पुढे तर सिमकार्डही उलट कंपनीची पारख करते. टू-जीत ही उलटतपासणी नाही, आणि म्हणून खोटा टॉवर उभारून भोळ्या यंत्राला फसवणे त्या पद्धतीत शक्य होते. अण्णांच्या पेटीसारख्या पेट्या आता बदलायला हव्यात असे मला वाटते ते एवढ्यासाठीच.

इथवर दिवा तीन सेकंदांच्या चालीला लागतो. नोंद झाली, पण पत्ता अद्याप नाही. आणि इथेच एकदा माझ्या हातून चूक झाली होती. मागल्या वर्षी अण्णांनी पेटीतले सिमकार्ड बदलून दुसऱ्या कंपनीचे घातले आणि बाकीचे जुळवण्याचे काम माझ्याकडे दिले. रेंज उत्तम, नोंदणी उत्तम, रिचार्ज भरलेला. तरीही दिवा तीन सेकंदांपुढे जाईना. दोन दिवस मी टॉवरला बोल लावत होतो. वस्तुतः मोडेममध्ये जुन्या कंपनीच्या प्रवेशद्वाराचे नाव तसेच राहिले होते. एपीएन म्हणतात ते हेच: जिओचे 'जिओनेट', बीएसएनएलचे 'बीएसएनएलनेट', अशी प्रत्येक कंपनीची नावे ठरलेली असतात, आणि त्या नावावरूनच कंपनीला कळते की या यंत्राला कोणत्या दरवाजाने बाहेर सोडायचे आणि कोणत्या कोठारातला पत्ता द्यायचा. नाव बदलताच क्षणभरात दिवा घाईने लुकलुकू लागला. रेंज असणे आणि नेट असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोर-जीत नोंदणी आणि पत्ता ही दोन्ही कामे एकाच वेळी उरकली जातात म्हणून हा भेद आज मोबाइलधारकाला सहसा जाणवत नाही, एवढेच.

आता अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर. पत्ता देतो तो बागेशेजारचा टॉवर नव्हे. टॉवर हा केवळ हलकारा आहे. त्याच्यामागे तारांनी जोडलेली कंपनीची मोठी यंत्रणा असते आणि तिच्या टोकाशी, बहुधा एखाद्या दूरच्या महानगरात, इंटरनेटच्या वेशीवर एक महाद्वार उभे असते. नोंद झालेल्या यंत्राची मागणी तिथपर्यंत जाते, महाद्वार आपल्या कोठारातला एक मोकळा पत्ता काढते, आणि परवानगीच्या संदेशातच तो लिहून टॉवरमार्फत मोडेमकडे परत पाठवते. मग टॉवरकडली यंत्रणा आणि महाद्वार यांच्यामध्ये त्या मोडेमसाठी एक अदृश्य बोगदा तयार होतो. मोडेमचे प्रत्येक टपाल दुसऱ्या लिफाफ्यात घालून त्या बोगद्यातून नेले जाते आणि महाद्वाराशी तो बाहेरचा लिफाफा फोडला जातो. यंत्र तासगावात असते आणि जगाला दिसतो तो पत्ता महाद्वाराचा असतो. सांगलीत बसून मोबाइलवर हवामान पाहिले असता कधी मुंबईचे वा पुण्याचे हवामान समोर येते, त्याचे मूळ इथे आहे.

याच रचनेमुळे एक मोठी सोय झालेली आहे, आणि ती मला या साऱ्या विद्येतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. साताऱ्याहून सांगलीला एसटीने यायचे, तर उंब्रज, कऱ्हाड, पेठ नाका, आष्टा असा सव्वाशेच्या आसपास किलोमीटरचा रस्ता. वाटेत खिशातला मोबाइल कित्येक टॉवर बदलतो. शेजारच्या टॉवरांचे आवाज तो सतत जोखत असतो आणि त्याचा वृत्तांत चालू टॉवरला देत असतो. नवा टॉवर अधिक स्पष्ट झाला, की कंपनीचा हुकूम सुटतो आणि बोगद्याचे टॉवरकडले टोक उचलून नव्या टॉवरला लावले जाते. महाद्वाराकडले टोक जागचे हलत नाही. म्हणून कऱ्हाडला सुरू झालेले गाणे आष्ट्यापर्यंत तुटत नाही, आणि सातारच्या स्थानकात मिळालेला पत्ता बहुधा सांगलीच्या स्थानकात उतरतानाही तोच असतो. माणूस चालत राहतो आणि पत्ताही त्याच्यासोबत चालतो, हे त्या जुन्या मु. पो.च्या बरोबर उलट आहे.

तथापि या पत्त्याने बागेत मला एकदा चांगलेच चकवले. अण्णांच्या शेडवर बेदाण्याच्या राखणीसाठी कॅमेरा बसवायचा होता. तालुक्याच्या गावातील एका दुकानदाराने फोर-जीचा राउटर दिला आणि सांगितले, की याला आयपी मिळतो, तो घालून कुठूनही बघा. राउटरच्या पडद्यावर शंभर या आकड्याने सुरू होणारा एक पत्ता झळकत होता. तो मी वहीत उतरून घेतला, साताऱ्याला जाऊन संगणकावर घातला, आणि काहीच दिसले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दुकानदाराचा हेतू वाईट नव्हता. त्यालाही हे कुणी सांगितले नव्हते.

कारण असे. आशिया-पॅसिफिक विभागाला पत्ते वाटणाऱ्या एपनिक या संस्थेचे कोठार १५ एप्रिल २०११ रोजी जवळजवळ रिकामे झाले. शेवटचा राखीव साठा तेवढा उरला आणि तो काटेकोर शिध्याप्रमाणे वाटणे सुरू झाले. भारतात त्या वेळी मोबाइलच्या जोडण्या ८० कोटींहून अधिक झालेल्या होत्या. प्रत्येकाला खरा पत्ता देणे अशक्यच होते. म्हणून कंपन्यांनी सांगलीच्या गावभागातल्या जुन्या वाड्यासारखी व्यवस्था केली. वाड्याला नगरपालिकेचा घरक्रमांक एकच, आत बिऱ्हाडे पन्नास. आतल्या खोल्यांना आतल्यापुरते क्रमांक असतात, बाहेर ते कुणाला ठाऊक नसतात. बिऱ्हाडकरूने पत्र पाठवले, की देवडीवरचा कारकून आतला क्रमांक खोडून वाड्याचा घरक्रमांक घालतो, एक खूण करतो आणि वहीत टिपून ठेवतो. उत्तर आले, की खूण पाहून ते योग्य खोलीत पोचवतो. अशा खुणा एका घरक्रमांकाला ६५,५३६ असू शकतात, त्यामुळे एका खऱ्या पत्त्यामागे शेकडो मोबाइल सुखाने नांदतात. आतल्या खोल्यांसाठीच म्हणून २०१२ च्या एप्रिलात १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे एकेचाळीस लाखांवर पत्ते राखून ठेवण्यात आले. माझ्या वहीत उतरलेला पत्ता तसल्याच एका खोलीचा होता. बाहेरून कुणी आपण होऊन आले, तर कारकुनाच्या वहीत त्याची खूण नसते आणि तो त्याला दारातूनच परत लावतो.

एवढे समजले, म्हणजे कृष्णाकाठचे एक कोडेही उलगडते. या भागात नदीवरची मोटार एका गावात आणि शेत तीन-चार किलोमीटरवर, असा प्रकार घरोघरी आहे. थ्री-फेज वीज पाळीपाळीने येते, कधी दिवसा तर कधी मध्यरात्री, आणि अंधारातून, पिकातल्या सापकिरड्यातून काठापर्यंत जाण्याचा ताप पिढ्यांनी सोसला आहे. त्यावर जे मोबाइल स्टार्टर निघाले, त्यांत पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांचे 'नॅनो गणेश' विशेष गाजले आणि २००९ साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याने पहिले पारितोषिक मिळवले. अशा स्टार्टरांपैकी पुष्कळ इंटरनेटवर चालतच नाहीत. ते साध्या फोनवर वा संदेशावर चालतात. घरातून मोटारीच्या नंबरला फोन लावायचा, बटण दाबायचे, पाणी सुरू. यात मागासलेपण नाही, व्यवहाराची नेमकी जाण आहे: आयपी पत्ता आतल्या खोलीचा असतो, पण मोबाइल नंबर चारचौघांतला असतो, आणि त्याला जगातून कुणीही हाक मारू शकतो.

इंटरनेटवर चालणाऱ्या नव्या पेट्यांनी दुसरी युक्ती योजली. बाहेरून आत येता येत नाही, तर आतूनच बाहेर जावे. अण्णांची पेटी दर काही मिनिटांनी स्वतः उठून एका ठरलेल्या, खऱ्या पत्त्याच्या संगणकाकडे जाते आणि आपले मोजमाप तिथे ठेवते. अण्णांचा मोबाइलही त्याच संगणकाकडे जातो आणि ते उचलतो. दोघांची भेट परक्या ओसरीवर होते. ज्या यंत्राला हुकूमही घ्यायचे असतात ते वाट मिटू देत नाही, अधूनमधून नुसती चाहूल देत राहते, कारण बराच वेळ काही हालचाल नसली, की देवडीवरचा कारकून वहीतली खूण पुसून टाकतो. अण्णांचा कॅमेरा आम्ही शेवटी याच पद्धतीचा घेतला. कायमचा पत्ता हवाच असेल तर कंपनीकडून तो वेगळे पैसे भरून मागावा लागतो, आणि विकणाऱ्याने ही गोष्ट गिऱ्हाइकाला आधीच सांगितली पाहिजे, इतका माझा आग्रह आहे.

खरा उपाय दुसरा आहे. १९९८ साली लिहिल्या गेलेल्या आयपीच्या सहाव्या आवृत्तीत पत्ता इतका लांब केला आहे, की प्रत्येक मोबाइलला एक खोली नव्हे, तर एक अख्खा अमर्याद वाडा इनाम देता येतो. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सर्वांना खुली झाली तीच ही पद्धत घेऊन, आणि तेव्हापासून भारत या बाबतीत जगाच्या पुढल्या रांगेत जाऊन बसला. सातारच्या राजवाड्यावर भेळ खात उभ्या असलेल्या मुलाच्या हातातल्या मोबाइलला आज बहुधा असा पत्ता असतो, आणि त्याला त्याचा गंधही नसतो. बागांतल्या जुन्या पेट्यांपर्यंत मात्र ही समृद्धी अद्याप पोचलेली नाही.

त्या दुसऱ्या रात्री, पावणेतीनच्या सुमारास, पेटीचा दिवा अकस्मात सेकंदाच्या चालीवर आला. पेटीला सौरपट्टीची बॅटरी होती; वीज गेली होती ती गावाची, आणि टॉवरची बॅटरीही संपलेली असावी. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलाखाली ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा ज्यांनी ते दिवस काढले त्यांना असे मुके टॉवर काय असतात हे सांगायला नको. मी विचारले, तर मोडेम 'शून्य, दोन' म्हणत राहिला. अण्णा बाजेवर उठून बसले होते. पेटीने मोजणे थांबवले नव्हते. पानांचा ओलावा ती पोटातल्या पोटात टिपून ठेवत होती.

सव्वाचारला उत्तर आले, 'शून्य, एक'. पाठोपाठ दिवा घाईने लुकलुकू लागला. मी पत्ता विचारला. संध्याकाळी वहीत लिहिला होता त्याहून तो निराळा होता, शेवटचे दोन्ही आकडे बदललेले. तो लिहून घेईपर्यंत अण्णांच्या मोबाइलवर रात्रभराची मोजमापे एकामागून एक उतरू लागली होती. त्यांनी चष्मा लावून ती पाहिली: पाने साडेपाच तास ओली. काही न बोलता ते उठले, शेडमधला दिवा लावला, आणि ब्लोअरच्या टाकीत पाणी सोडल्याचा आवाज मला बागेतून ऐकू आला.